ओसरलेली जागा कुणाची?

पठारावर वाढलेल्या माणसाला जमीन आणि पाणी यांच्यातली रेघ पक्की वाटते. विहिरीला कठडा असतो, तळ्याला बांध. कोकणात एका खाडीकाठी राहायला आले, तेव्हा ही रेघ रोज दोनदा आत येताना आणि दोनदा बाहेर जाताना पाहिली.

सुरुवातीला भरतीची वेळ मी फोनवर बघायचे. शेजारच्या आजी म्हणाल्या, "तिथी बघ ना बाय, नि तिची पाऊणपट कर." चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. मग साधारण सहा तासांनी ओहोटी. हिशेब अंदाजाचा, पण कारण भक्कम: चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, त्यांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. अष्टमीच्या आसपास ती ओढ काटकोनात असते. तो भांग. तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही.

वेळ कळणं सोपं होतं. अवघड होता 'रिकामं' हा शब्द.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की नवख्या माणसाला ती मोकळी जागा दिसते. त्याच जागेत बायका तिसऱ्या वेचत असतात, खडकावरची कालवं फोडत असतात. पाणी समोर नसतं, पण ते येणार हे धरूनच इथं प्रत्येक जण पाऊल टाकतो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची खडकांवरची वाट भरतीला बंद होते, मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाटही. श्रद्धा दोन, वेळापत्रक एकच.

मग प्रश्न पडतो: जे आत्ता समोर नाही, त्याचा हक्क मानायचा की नाही?

कायद्यानं तो काही प्रमाणात मानला आहे. १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेनं भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा सर्वांत जपायच्या वर्गात टाकला. पण मुंबई त्याच्या कितीतरी आधी सात बेटांमधलं पाणी हटवून उभी राहिली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातच भरती आली आणि शहरातल्या पाण्याला समुद्राकडे जायची वाट उरली नाही.

अशा वेळी 'समुद्रानं सूड घेतला' असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. सूड घ्यायला राग लागतो. समुद्र फक्त वेळेवर आला. त्याला सूड म्हटलं की हिशेब माणूस आणि निसर्ग यांच्यातला होतो, आणि माणसामाणसांतला हिशेब झाकला जातो. भराव टाकून जागा विकणारा एक असतो, आणि पाणी ज्याच्या घरात शिरतं तो बहुतेक वेळा दुसराच. शहराला जागा लागते हे खरं. पण त्या जागेची किंमत कोण घेतो आणि कोण मोजतो, हे भरतीच्या कोष्टकात सापडत नाही. ते आपल्यालाच विचारावं लागतं.

हे फक्त किनाऱ्यापुरतंही नाही. आमच्या पठारावरच्या माळरानांना सर्रास 'पडीक' म्हणतात. मेंढपाळ कळप घेऊन वर्षातले काही महिने दुसरीकडे असतो, एवढ्यावरून. तो परत येतो तेव्हा कधी कधी तिथं कुंपण असतं.

कुणी नसणं आणि कुणाचंच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो फरक ओळखायला एका नजरेत भागत नाही, निदान एक पंधरवडा तरी थांबून बघावं लागतं. म्हणून हल्ली 'सी-फेसिंग' प्लॉटची जाहिरात दिसली, की भाव विचारायच्या आधी माझ्या मनात येतं: हा फोटो कोणत्या तिथीला काढलाय?