मावशींची लिफ्ट वेगळी

गेल्या वर्षी मी एका बाईंना पाचपैकी तीन तारे दिले. रकाना होता ‘वक्तशीरपणा’.

आमच्या सोसायटीत गेटसाठी एक ॲप आहे. कामाला येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो, आत-बाहेर केल्याच्या वेळा आणि खाली तारे. मावशी रोज अर्धा-पाऊण तास उशिरा यायच्या. माझा साडेनऊचा कॉल आणि त्यांची भांडी एकाच वेळी सुरू व्हायची. एकदा वैतागून तारे दिले आणि विसरलो.

दोन महिन्यांनी मावशींनीच सांगितलं, बाराव्या मजल्यावरचं काम हातातून गेलं. "मोबाइलमध्ये काहीतरी कमी दिसलं म्हणे, दादा." त्यांना रेटिंग देणारे आम्ही तिघंच होतो. मी काही बोललो नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. सिस्टीम हळू चालत असेल, तर युजरला दोष न देता आधी रांग कुठे तुंबते ते शोधायचं, याचाच मला पगार मिळतो. एका शनिवारी सकाळी खाली जाऊन उभा राहिलो. इमारत 21 मजली, फ्लॅट 84, लिफ्ट 3. त्यातल्या दोन रहिवाशांच्या. तिसरी सर्व्हिस लिफ्ट. तीत कचऱ्याचे डबे, सिलिंडर, पाण्याचे जार, डिलिव्हरीवाले, आणि घरकामाच्या सगळ्या बायका. मावशी लिफ्टसाठी 11 मिनिटं थांबल्या. त्यांची आमच्या इमारतीत चार घरं आहेत. गुडघे दुखतात, त्यामुळे जिना नाही. चार वेळा दहा मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं. आणि मी त्यांचं चौथं घर.

म्हणजे उशीर आम्ही केला आणि तारे त्यांचे कापले.

‘आम्ही’ मुद्दाम म्हणतोय. हा नियम वार्षिक सभेत झाला तेव्हा मीही हात वर केला होता. वीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतलं होतं, सोसायटी ‘नीट’ असावी असं वाटत होतं. सगळ्यांचे हात वर होते, समोसे गार होत होते.

नियमामागचं कारण दिलं होतं स्वच्छता आणि सामानाची सोय. सामानासाठी वेगळी लिफ्ट असावी हे मला आजही पटतं. सोफा आणि शाळेला निघालेलं पोर एकाच लिफ्टमध्ये कोंबायला नकोच. पण मी पंचवीस किलो तांदळाचं पोतं घेऊन पुढच्या लिफ्टने जातो, मला कुणी अडवत नाही. जिममधून घामाने निथळत येणाऱ्यालाही नाही. उलट हातात फक्त छत्री असलेल्या मावशींना वॉचमन मागे पाठवतो. मग हा नियम सामानाचा नाही, माणसाचा आहे. त्यात जात लिहिलेली नाही, लिहायची गरजही नाही. कोणाच्या स्पर्शाने काय अस्वच्छ होतं, हे आपल्याला फार जुनं पाठ आहे.

इथे कुणी म्हणेल, चाळीत असं नव्हतं. हा गोडवा मला पुरता पटत नाही. वरळीच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वीच्या. 160 चौरस फुटांच्या खोल्या, सामायिक संडास, एकच लांब व्हरांडा. दिवसातून दहा वेळा एकमेकांची तोंडं बघावीच लागत. तरी 1974च्या जानेवारीत तिथेच दलित आणि सवर्णांत दंगल पेटली. जवळ राहणं म्हणजे बरोबरीने राहणं नव्हे.

पण बाबासाहेबांचा एक मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे 1936चं भाषण त्यांना करूच दिलं गेलं नाही, शेवटी त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात आदर्श समाजाबद्दल बोलताना ते म्हणतात, की एका भागात घडणारा बदल दुसऱ्या भागापर्यंत पोचायला समाजात वाटा मोकळ्या हव्यात, माणसांचा एकमेकांशी अनेक ठिकाणी संबंध यायला हवा. नुसत्या जवळ राहण्याने बरोबरी येत नाही, पण सगळ्या वाटाच बुजवल्या तर ती येणार कुठून? सोसायटीत रहिवासी आणि मावशी समोरासमोर येतील अशा जागा फार थोड्या. लिफ्ट त्यातली एक होती. तीही आम्ही मतदान घेऊन बंद केली.

माझ्यापुरता मी चांगला वागतो, असं मला वाटायचं. चहा देतो, दिवाळीला महिन्याचा पगार जास्त देतो, ‘मावशी’ म्हणतो. पण हे सगळं माझ्या मर्जीवर आहे. उद्या मूड गेला तर मी तीन तारे देऊ शकतो, आणि दिलेही. मावशींकडे मला तारे द्यायला रकाना नाही. चांगुलपणा आणि बरोबरी यांतला फरक मला इथे कळला. चांगुलपणात देणाऱ्याचा हात वरच राहतो.

मग मी हिरोगिरी करायला गेलो. म्हटलं, "मावशी, चला माझ्याबरोबर, बघू कोण अडवतं." त्या हसल्या. "दादा, तुम्ही वर जाल निघून. उद्या गेटवर मला थांबवतील." बरोबर होतं त्यांचं. नियम मी मोडणार आणि दंड त्या भरणार, ही कसली माणुसकी? नियम ज्यांनी केला, त्यांनीच तो बदलायला हवा. आणि हात माझाही वर होता.

सप्टेंबरच्या सभेसाठी मी लेखी विषय दिला आहे: सामानासाठी सर्व्हिस लिफ्ट, माणसांसाठी सगळ्या लिफ्ट, आणि ॲपमधले तारे बंद. सेक्रेटरी काकांनी कागद घेतला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "नवीन आहेस, लोक नाराज होतील." होतील. बहुधा हरेनही.

तारे मी पाच करून टाकले. बाराव्या मजल्यावर मात्र आता दुसऱ्या बाई येतात. आणि तिसरा मी होतो, हे मावशींना अजून सांगितलेलं नाही. सभेत बोलणं त्यापेक्षा सोपं वाटतंय, यावरूनच कळतं की आधी काय करायला हवं.