तीर्थाची शुचिता हीच यात्रेची सांगता



आपल्या भाषेत ‘शौच’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. पातंजल योगदर्शनात पाच नियम सांगितले आहेत; त्यांतील पहिला नियम शौच, म्हणजे अंतर्बाह्य शुचिता. व्यवहारात मात्र शौच म्हणजे मलविसर्जन. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदावेत, यात मोठे मर्म आहे. देहधर्म कोणालाही चुकलेला नाही. साधुसंतांनाही तो होताच. तो कोठे व कसा उरकला, यावरून मनुष्याच्या शुचितेची परीक्षा होते. मलमूत्र पाण्यात टाकू नये, हा निर्बंध आपल्या स्मृतिकारांनी फार पूर्वी घालून ठेवला आहे. आरोग्य खात्याने तो नव्याने शोधून काढलेला नाही.

पंढरीच्या वारीकडे या दृष्टीने पाहावे. माउलींची पालखी आळंदीहून निघते, तुकोबारायांची देहूहून. दोन्ही क्षेत्रे इंद्रायणीकाठची. ही इंद्रायणी तुळापूर येथे भीमेस मिळते. भीमा उजनी धरणातून पुढे पंढरीस येते आणि चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून चंद्रभागा म्हणविते. वाटेत ज्या नीरेत पादुकांना स्नान घालतात, ती नीराही नीरा-नरसिंहपूर येथे भीमेलाच मिळते. तेव्हा वारीला आपण एकटे निघत नाही; आपल्या मुक्कामाच्या गावांमधून पाणीही पंढरीकडे निघालेले असते. मुक्कामी नदीकाठी आपण जे टाकले, ते पंढरीत आपल्याच ओंजळीत येण्याची वाट मोकळी आहे.

पुढची वाटही ध्यानी घ्यावी. पंढरीहून भीमा खाली वाहत जाते. सोलापूरच्या नागरिकांनी वर्षानुवर्षे टाकळी येथून उचललेले भीमेचे पाणी प्यायले आहे. त्याच्याही पुढे कर्नाटकात श्रीक्षेत्र गाणगापूर येथे भीमा-अमरजा संगमावर दत्तभक्त स्नान करतात. आपण वाळवंट सोडून घरी परततो, तेव्हा आपली घाण कोणाच्या तरी देवाच्या दारी निघालेली असते.

‘वाळू सगळे झाकून घेते’ असा एक समज आहे. तो खरा नाही. वाळूतून पाणी झटकन झिरपते आणि मळही सोबत नेते. आषाढ म्हणजे तर ऐन पावसाळा. नदीला पाणी चढले की वाळवंटातील सारे काही एका रात्रीत प्रवाहात जाते. एकोणिसाव्या शतकात मोठ्या यात्रांमधून पटकीची साथ गावोगाव पसरत असे. विष्ठेने दूषित झालेले पाणी हेच पटकीचे मूळ. पुण्य जोडण्यास आलेला यात्रेकरू नकळत मृत्यू घेऊन घरी जात असे.

याहूनही गंभीर एक गोष्ट आहे. आपण निघून गेल्यावर वाळवंट स्वच्छ होते, ते आपोआप होत नाही. कोणीतरी माणूस ते आपल्या हातांनी करतो. मानवी विष्ठा हाताने उचलण्याचे काम कोणास देऊ नये, असा कायदा २०१३ साली झाला. पंढरीच्या वाळवंटातील मैल्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढेही गेला होता. सर्वांभूती विठ्ठल पाहावा, असे संत सांगतात. मग त्या सफाई कामगाराच्या ठायी विठ्ठल नाही काय? आपण शुचिर्भूत होऊन राउळात जावे आणि त्याकरिता दुसऱ्याचे हात विटाळावेत, हा कोणता धर्म? ज्या स्नानाचा मळ दुसऱ्याने काढावा लागतो, त्या स्नानाचे पुण्य आपल्या पदरी कसे पडावे? संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) यात्रेच्या ठिकाणी प्रथम खराटा हाती घेतला व कीर्तन मागाहून केले. खराटा हा त्यांच्या कीर्तनाचाच पूर्वरंग होता.

दानशूर सज्जनांस येथे एक नम्र निवेदन आहे. अन्नदानाची परंपरा थोर आहे. परंतु हजार पाने वाढली की हजार उष्टी पत्रावळ्या उरतात, आणि जेवणाऱ्या सर्वांना काही तासांनी शौचगृहाची गरज लागते. पंगत उठली म्हणजे संकल्प पुरा झाला असे नव्हे. शेवटची पत्रावळ उचलली गेल्यावर तो पुरा होतो. म्हणून अन्नदानासोबत शौचगृहे, पाण्याची सोय, तसेच सफाई कामगारांचे हातमोजे, गमबूट व योग्य वेतन यांसाठीही दान द्यावे. त्या दानावर नावाची पाटी लागणार नाही, पण गुप्तदानाचे माहात्म्य आपणांस ठाऊकच आहे.

यात्रेकरूंनी पुढील आचारधर्म पाळावा :

१. शौचास शौचगृहातच जावे. पंढरीत ६५ एकर परिसरात, तसेच पालखीतळांवर निर्मल वारीच्या उपक्रमातून शौचगृहांची सोय केली जाते. रांग असली तर दर्शनाच्या रांगेइतक्याच शांतपणे उभे राहावे.

२. वाटेत सोय नसेल, तर नदी, ओढा, विहीर यांपासून किमान दोनशे फूट दूर जावे, वीतभर खोल खड्डा खणावा व नंतर मातीने बुजवावा. नदीच्या वाळूत बसू नये.

३. लहान मुलांचे लंगोट व स्त्रियांनी वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कचरापेटीतच टाकावेत.

४. स्नानानंतर जुनी वस्त्रे नदीत सोडू नयेत. निर्माल्य कलशात द्यावे. साबण लावून नदीत उतरू नये.

५. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पानांच्या पत्रावळी वापराव्यात, अथवा ताट-तांब्या घरूनच आणावा.

६. राहुटी उठविताना दिंडीतील प्रत्येकाने आपली जागा पाहून घ्यावी व कचरा गोळा करूनच भगवी पताका पुढे न्यावी.

भक्तहो, आपल्यानंतर त्याच जागेवर दुसरी दिंडी उतरणार आहे. तिच्यातील एखादी वृद्ध माउली वाळूवर मस्तक टेकवील. ते मस्तक जेथे टेकेल, ती जागा आपण कशी ठेवून आलो, एवढे स्मरण निघताना ठेवावे. विठुरायास याहून वेगळा नैवेद्य लागत नाही.

रामकृष्णहरी.

— कार्यवाह, संस्थान कार्यालय