राखण कशाची?



राखण करणे हे मुळात अमानतीचे काम आहे. हजरत यूसुफ (अ.) यांनी इजिप्तच्या राजाकडे कोठारांची जबाबदारी मागितली, तेव्हा आपले दोन गुण पुढे ठेवले : सांभाळ करण्याची क्षमता आणि त्या कामाचे ज्ञान. सूरह यूसुफमधील हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. दुष्काळात धान्य लोकांच्या मुखी पडावे, यासाठी ती राखण होती. म्हणूनच पहारेकरी, तपासनीस आणि हिशेबनीस यांच्या कामाला इस्लाममध्ये मान आहे. परंतु हाच प्रसंग आपल्याला एक प्रश्नही विचारायला शिकवतो : राखण कशाची आणि कोणासाठी?

हा प्रश्न आज आपल्या उंबरठ्यावर आला आहे. गोव्यात मांडवी नदीतील जहाजांवर कॅसिनो चालतात. परदेशांत तर जुगाराच्या मोठमोठ्या कंपन्या आहेत. त्यांना सुरक्षारक्षक लागतात, कॅमेऱ्यांवर नजर ठेवणारे लागतात, पैशांच्या व्यवहारांची छाननी करणारे लागतात. आपले शिकलेले तरुण विचारतात, "मी स्वतः एक पैसाही लावत नाही. उलट मी फसवणूक पकडतो, काळा पैसा रोखतो. मग माझी कमाई हराम कशी?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला झिडकारू नये, उत्तर द्यावे.

प्रथम या व्यवसायाची रचना पाहू. कॅसिनोतील पहारा अत्यंत कडक असतो. प्रत्येक टेबलावर छतातून कॅमेरा रोखलेला असतो. पत्ते वाटणारा कर्मचारी जागा सोडताना दोन्ही तळहात उघडे करून दाखवतो, म्हणजे सोंगटी लपवली नाही हे दिसावे. आता रुलेटचे चाक घ्या. त्यावर शून्यासह ३७ घरे असतात. प्रत्येक घरावर एक-एक रुपया ठेवला, तर ३७ रुपये लागतात. जिंकलेल्या घराचे मूळ रुपयासह ३६ परत मिळतात. एक रुपया मालकाच्या पेटीत राहतो. येथे कोणी लबाडी केलेली नाही. चाक निर्दोष आहे, कर्मचारी सचोटीचा आहे, कॅमेरा चालू आहे. तरीही खेळणाऱ्यांचा पैसा त्यांच्या हातून सरकतच राहतो. ज्याची भरपाई म्हणून ना धान्य मिळाले, ना वस्त्र, ना सेवा, असा हा पैसा. पहारा कडक केल्याने या व्यवहाराचे स्वरूप बदलत नाही. तो केवळ अधिक सुरळीत चालतो.

कोणी म्हणेल, या कंपन्या कर भरतात, रोजगार देतात, दानधर्मही करतात. हा युक्तिवाद नवा नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात बाण काढून उंटाच्या मांसाचे वाटे जिंकले जात आणि जिंकलेले मांस गरिबांना वाटण्यात लोक मोठेपणा मानत. पवित्र कुरआनने हा लाभ नाकारला नाही. सूरह अल-बकरामध्ये मद्य आणि जुगार यांत लोकांसाठी काही फायदे असल्याचे मान्य केले आहे; मात्र त्यांतील पाप फायद्याहून मोठे असल्याचा निर्णयही तेथेच दिला आहे. पुढे सूरह अल-माइदामध्ये त्यांना सैतानी कृत्यांतील घाण ठरवून त्यांपासून दूर राहण्याचा स्पष्ट आदेश आला.

पाप फायद्याहून मोठे कसे, हे पाहायचे असेल तर ऑस्ट्रेलियातील क्राउन या कॅसिनो कंपनीचे उदाहरण घ्या. मेलबर्नमधील तिचा कॅसिनो देशातील सर्वांत मोठ्यांपैकी एक. २०२१ मध्ये दोन वेगवेगळ्या सरकारी चौकशांनी ही कंपनी परवाना बाळगण्यास अपात्र असल्याचा निष्कर्ष काढला. तिच्या खात्यांतून आणि टेबलांवरून गुन्हेगारांचा पैसा फिरत होता. २०२३ मध्ये काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल न्यायालयाने तिला ४५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्याआधी २०२२ मध्ये जुगाराच्या आहारी गेलेल्यांची काळजी न घेतल्याबद्दल १२ कोटी डॉलरचा दंड झाला होता. काही माणसे चोवीस तासांहून अधिक काळ खेळत राहिली आणि त्यांना थांबवले गेले नाही.

वाचकहो, या शेवटच्या गोष्टीपाशी क्षणभर थांबा. ज्या दालनात सोंगटी लपवणारे बोट कॅमेऱ्याला दिसते, तेथे दिवसरात्र बसून घर बुडवणारा माणूस दिसला नसेल का? दिसला असणारच. पण पहारा त्याच्यासाठी नव्हता. जुगारगृहाच्या दृष्टीने चोर तो, जो मालकाला लुटतो. जो स्वतः लुटला जातो, त्याला ग्राहक म्हणतात.

याच कंपनीच्या १९ कर्मचाऱ्यांना २०१७ मध्ये चीनमध्ये दोषी ठरवण्यात आले, कारण तेथे जुगाराचा प्रचार करणे गुन्हा आहे. श्रीमंत ग्राहक आणण्याचे धोरण वरिष्ठांचे होते. तुरुंग मात्र नोकरीवर असलेल्यांच्या वाट्याला आला. "मी फक्त नोकरी करतो" ही ढाल या जगातही टिकत नाही. मग परलोकात ती कशी टिकेल?

सूरह अल-माइदामध्येच सत्कार्यात परस्परांना साहाय्य करण्याचा आणि पाप व अत्याचारात साहाय्य न करण्याचा आदेश आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मद्याच्या बाबतीत केवळ पिणाऱ्याचा नव्हे, तर ते गाळणाऱ्याचा, वाहून नेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचाही धिक्कार केला. यावरून उलेमांनी तत्त्व घेतले की हराम व्यवसायाला थेट आधार देणारी चाकरीही हरामच होय.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पोलीस खात्यात, सरकारी नियामक संस्थेत किंवा तपास यंत्रणेत राहून जुगारातील गुन्हे शोधणारा माणूस जुगाराची राखण करत नाही. तो समाजाची राखण करतो. काम वरवर सारखे दिसते, पण धनी निराळा आणि हेतूही निराळा. ज्याच्याकडे हे कौशल्य आहे, त्याने ते बँकेतील फसवणूक रोखण्यासाठी, इस्पितळाच्या वा कारखान्याच्या सुरक्षेसाठी, सायबर गुन्ह्यांच्या तपासासाठी वापरावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. ज्यांची उपजीविका अशा कंपन्यांवर होती, त्यांनी ही हलाल मार्गाकडे वळण्याची संधी मानावी.

जो आज अशा नोकरीत अडकला आहे, त्याला टोमणे मारू नका. त्याने पक्का निश्चय करावा, दुसरे काम नेटाने शोधावे, आणि कर्ज व मुलाबाळांचा भार असेल तर जाणत्या आलिमांचा सल्ला घेऊन लवकरात लवकर बाहेर पडावे. या काळात नातेवाइकांनी आणि जमातीने त्याला आधार द्यावा. बिनव्याजी उसनवारी हे त्या वेळचे मोठे पुण्य आहे. घरच्यांनीही आपला वाटा उचलावा. हजरत अबू बकर (रजि.) यांनी आपल्या सेवकाने आणलेले अन्न खाल्ले, ते भविष्यकथनाच्या मोबदल्यातून आल्याचे कळताच घशात बोट घालून ओकून टाकले. आपण मुलाचा पगार किती, हे विचारतो. तो कोठून येतो, हेही आई-वडिलांनी विचारावे; आणि तो कमी झाला तरी घरात त्याचा मान कमी होऊ देऊ नये.

सूरह अत-तलाकमध्ये अल्लाहचे आश्वासन आहे की जो त्याचे भय बाळगतो, त्याच्यासाठी तो वाट काढतो आणि कल्पनाही नसेल तेथून उपजीविका देतो. अल्लाह आपल्या हातांना हलाल काम, आपल्या ताटांना हलाल घास आणि आपल्या राखणीला योग्य दार देवो. आमीन.