उतार कोणी मोजला?

विल्यम ऑस्लर हे आपल्या काळातले नामांकित डॉक्टर. १९०५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा निरोप घेऊन ते ऑक्सफर्डला निघाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सांगून टाकलं, की जगातली मोठी कामं माणसं चाळिशीच्या आत उरकतात आणि साठीनंतर त्यांचा उपयोग संपतो. एका जुन्या कादंबरीचा हवाला देत साठी गाठलेल्यांना क्लोरोफॉर्म देण्याची थट्टाही केली. वर्तमानपत्रांनी ती खरीच धरली आणि गदारोळ उडाला. ऑस्लर तेव्हा ५५ वर्षांचे होते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्या आपल्याला त्यांना हसायला फारशी जागा नाही.

उत्तरायुष्याबद्दल ठाम विधानं करणारे बहुधा अजून तिथे पोचलेले नसतात. अपवाद स्टॅन्ली हॉल यांचा. पौगंडावस्थेवर १९०४ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या या मानसशास्त्रज्ञाने वार्धक्यावरचं पुस्तक काढलं ते १९२२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर. पण मानसशास्त्राचं लक्ष पुढेही बराच काळ मुलांवरच राहिलं. मुलं वाढतात आणि मोठी माणसं झिजतात, एवढाच हिशेब.

त्या हिशेबाला आकड्यांचा आधार मिळाला तो बुद्धिमापन चाचण्यांमधून. विशीतल्या, चाळिशीतल्या, सत्तरीतल्या माणसांना एकाच वेळी एकच चाचणी द्यायची आणि गुणांचा आलेख काढायचा. तरुणपणानंतर रेघ खाली. गोम अशी, की विशी आणि सत्तरी यांच्यात नुसती पन्नास वर्षं नसतात. शाळा वेगळी, खाणंपिणं वेगळं, परीक्षेची सवयही वेगळी. आपल्याकडे चौथीत शाळा सुटलेली आजी आणि इंजिनियर नात यांना आकृत्यांची कोडी घाला, आजी नापास. पण पावकी, निमकी, अडीचकी विचारा. वाणी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत सव्वादोन किलो तूरडाळीचे पैसे आजीने सांगितलेले असतात. या चाचणीत घसरण नातीची दिसेल, आणि तिचं वय त्याला कारण नसेल.

मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाई यांनी १९५६ मध्ये सिअ‍ॅटलला एका आरोग्य सहकारी संस्थेच्या सभासदांमधून ५०० माणसं घेतली आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासायला सुरुवात केली. चित्र पालटलं. कामाचा वेग लवकर मंदावतो, पण शब्दांची जाण आणि तर्क साधारण साठीपर्यंत बऱ्यापैकी टिकतात. आधीच्या आलेखातली बरीचशी उतरण वयाची नव्हती, पिढ्यांमधल्या फरकाची होती. यावरही आक्षेप आले, आणि ते रास्तच होते: आजारी माणसं अशा अभ्यासातून गळतात, धडधाकट उरतात, तीच चाचणी पुन्हा देऊन हात बसतो, म्हणून निकाल जरा गुलाबी दिसतो. आधीची पद्धत अंधार वाढवते, नंतरची उजेड.

मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये जन्मापासून मरणापर्यंत आठ टप्पे मांडले आणि मध्यमवयालाही वाढीचा टप्पा मानलं: पुढच्या पिढीसाठी काही उभं करायचं, नाहीतर साचून राहायचं. शेवटचा टप्पा आयुष्याचा जमाखर्च मान्य करण्याचा. आपल्या आश्रमव्यवस्थेशी याचं नातं मनोविश्लेषक सुधीर कक्करांनी १९६८ मध्येच तपासलं होतं. एरिक्सन यांनी हे टप्पे मांडले तेव्हा ते पन्नाशीच्याही अलीकडे होते. १९९४ मध्ये, नव्वदी उलटल्यावर ते गेले, आणि स्वतः नव्वदी पार केलेल्या पत्नी जोन यांनी त्यांच्या नंतरच्या एका पुस्तकाच्या १९९७च्या आवृत्तीत नववा टप्पा जोडला. शरीर रोज एकेक गोष्ट काढून घेत असताना आधी सुटलेले सगळे पेच पुन्हा उघडतात, असं त्यांचं म्हणणं. या सबंध इतिहासातली मला सर्वात विश्वासार्ह वाटणारी दुरुस्ती हीच.

धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापलं १९१६ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी. आज राज्य सरकारी नोकरीत त्या वयाला हातात नारळ पडतो. समता संघ काढला १९४४ मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात. एरिक्सनना याहून चांगला दाखला मिळाला नसता. पण गुडघे धरून जिना चढणाऱ्याला कर्व्यांचं उदाहरण देणं हा मला शुद्ध छळ वाटतो. ‘सेकंड इनिंग’चा आग्रह धरणाऱ्यांना ऑस्लर यांच्याइतकीच घाई झालेली असते.

मात्र शरीराच्या बाबतीत आपण फार लवकर हात टेकतो. १९९० मध्ये बोस्टनच्या एका शुश्रूषागृहात मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त रहिवाशांकडून पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली आणि दोघांची काठी सुटली. पुढे चार आठवडे व्यायाम थांबला, तशी ताकद पुन्हा घसरली. आपल्या घरांत मात्र आजोबा पाण्याच्या तांब्यासाठी उठू लागले, की तीन जण एकदम ओरडतात, ‘तुम्ही बसा हो, आम्ही आणतो!’