जाताना सांगून जावं

करोल बागेत ओळखीचे एक गलाईवाले आहेत, मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पसरली. यांच्या घराची आता दुसरी पिढी दिल्लीत आहे. स्मार्टफोन हातात आला तेव्हापासून त्यांनी एकाच देशी कंपनीचे फोन घेतले. स्वतःला, धाकट्या भावाला, गावाकडे वहिनींना, दिवाळीला दुकानातल्या पोरांना. कुणी परदेशी फोनची तारीफ करू लागलं की ते म्हणायचे, ‘‘आपल्या माणसाचं घेतलं म्हणून काय बिघडतंय?’’

गेल्या वर्षी त्यांच्या फोनची बॅटरी फुगली. पूर्वी जिथे सर्व्हिस सेंटर होतं तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. टोल फ्री नंबर लागत नव्हता. शेवटी ते गफ्फार मार्केटात गेले. तिथलं दुरुस्तीचं दुकान म्हणजे एक टेबल: रबरी मॅट, हॉट गन, झाकण उचकटायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि दाटीनं लावलेल्या डब्यांतून जुन्या फोनचे सुटे भाग. कारागिरानं बिघाड विचारलाच नाही, आधी मॉडेल विचारलं. मग फोन उलटा करून पाहिला आणि परत दिला. ‘‘इसका सामान बंद हो गया, भाईसाहब.’’

ते मला म्हणाले, ‘‘फोन बिघडला त्याचा राग न्हाई सर. लोखंडबी गंजतंय की. पण एवढी वर्सं आमच्याकडनं घेतलं, तर जाताना सांगून तरी जायाचं का न्हाई?’’

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. एखाद्या कंपनीचा पडता काळ येणं यात अनीती काहीच नाही. स्पर्धा आहे, तंत्र बदलतं, अंदाज चुकतात. ग्राहकानंही एकाच नावाला जन्मभर चिकटून राहावं असं कुणी म्हणू नये. नैतिक प्रश्न उभा राहतो तो पुढे. ज्यांच्या विश्वासावर तुम्ही मोठे झालात, त्यांना उतरत्या काळात तुम्ही कसं वागवता?

हा प्रश्न एकट्या त्या कंपनीला नाही. एके काळी दिल्ली आणि आसपासचा पट्टा देशी मोबाइलचं माहेरघर होता. मायक्रोमॅक्स गुरुग्रामची, लाव्हा नोएडाची, इंटेक्स दिल्लीची. त्यातली मायक्रोमॅक्स सर्वांत उंच गेली. 2000 मध्ये सॉफ्टवेअरपासून सुरुवात करून 2008 मध्ये ती फोनकडे वळली. तिचा एक्सवनआय हा पहिला फोन स्टँडबायवर महिनाभर चालेल, असा कंपनीचा दावा होता. संस्थापकांपैकी राहुल शर्मा यांनी त्याच्या जन्माची हकीकत अनेकदा सांगितली आहे: पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरजवळच्या एका गावात त्यांनी ट्रकच्या बॅटरीवर चालणारा पीसीओ पाहिला, आणि वीज नसलेल्या गावाला काय हवं ते त्यांना कळलं. ग्राहकाकडे डोळे उघडून पाहण्याचं ते फळ होतं. पुढे कॅनव्हास मालिका आली. 2013 मध्ये ह्यू जॅकमन जाहिरातीत आला. 2014 च्या अखेरच्या तिमाहीत कॅनालिस या संस्थेनं भारतातल्या स्मार्टफोन विक्रीत मायक्रोमॅक्सला 22 टक्के आणि सॅमसंगला 20 टक्के वाटा दिला. सॅमसंगला ती मोजणी मान्य नव्हती. तरी गुरुग्रामची एक कंपनी कोरियाच्या बलाढ्य कंपनीच्या बरोबरीनं मोजली जात होती, आणि दहा हजारांच्या आत मोठ्या पडद्याचा फोन घेणाऱ्या लाखो घरांना त्याचा अभिमान होता.

मग 5 सप्टेंबर 2016 ला जिओची फोरजी सेवा सुरू झाली. बाजार फोरजीकडे धावला, देशी कंपन्यांकडे थ्रीजीचा माल पडून राहिला, आणि शाओमी, ओप्पो, विवो यांनी दोन-तीन वर्षांत मैदान मारलं. या घसरगुंडीची कारणं उघड आहेत आणि त्यांत मला कुणाचा दोष शोधायचा नाही.

मला खटकतं ते त्याआधीचं एक प्रकरण. 2014 मध्ये मायक्रोमॅक्सनं सायनोजेन या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीशी भारतापुरता एकाधिकाराचा करार केला. त्याच सॉफ्टवेअरवर चालणारा वनप्लस वन त्या डिसेंबरमध्ये भारतात विकायला आला. मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली. वनप्लसच्या विक्रीला तात्पुरती मनाई झाली आणि काही दिवसांतच खंडपीठानं ती उठवली. जानेवारी 2015 मध्ये मायक्रोमॅक्सनं ‘यू’ या नव्या नावानं युरेका हा फोन 8,999 रुपयांत विक्रीला आणला. त्याचं मोठं आकर्षण सायनोजेनच होतं. ही सगळी लढाई खरं तर अपडेट कुणाला द्यायचे याची होती, आणि ज्यांच्या हातातल्या फोनला ते अपडेट लागणार होते ती माणसं खटल्यात कुठेच नव्हती. दोन वर्षांत सायनोजेननं गाशा गुंडाळला. 31 डिसेंबर 2016 नंतर तिच्या सेवा बंद झाल्या. भारतातल्या ज्या तरुणानं पहिल्या पगारातून तो फोन घेतला असेल, त्याच्याशी कुणाचाच करार नव्हता. त्याच्याकडे होती पैसे दिल्याची पावती आणि जाहिरातीतला शब्द.

2020 मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर देशात चिनी मालाविरुद्ध संताप होता. तेव्हा मायक्रोमॅक्स ‘इन’ या नव्या नावानं परतली. 3 नोव्हेंबरला इन नोट वन आणि इन वन बी हे दोन फोन आले, किमती 10,999 आणि 6,999 रुपयांपासून. आवाहन सरळ देशाच्या नावानं होतं. माणसं पुन्हा विश्वास ठेवायला तयार झाली, आणि मला त्यांचं कौतुक वाटतं. पण जी कंपनी देशप्रेमाला हाक देते तिची जबाबदारी दुप्पट होते, असं माझं स्पष्ट मत आहे. नफ्यासाठी विकलेल्या वस्तूचा हिशेब पैशात पुरा होतो. ‘आपलं’ म्हणून विकलेल्या वस्तूचा तसा होत नाही. त्या दुसऱ्या डावातही कंपनीला बाजारात पाय रोवता आले नाहीत, आणि गलाईवाल्यांसारख्या माणसांच्या पदरी दुसऱ्यांदा निराशा आली.

निघून जाण्याचीही एक रीत असते. 5 एप्रिल 2021 ला एलजीनं, जिचा मोठा कारखाना आपल्या ग्रेटर नोएडात आहे, जगभरातला मोबाइलचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुलैअखेर धंदा आवरू असं सांगितलं, विकलेल्या फोनना सेवा मिळत राहील असं सांगितलं, आणि वरच्या श्रेणीतल्या अलीकडच्या फोनना खरेदीच्या वर्षापासून अँड्रॉइडच्या तीन आवृत्त्या देऊ असा शब्द दिला. हा शब्द सगळ्या मॉडेलांसाठी नव्हता, स्वस्त फोनवाल्यांच्या वाट्याला कमीच आलं, हेही खरं. तरीही तारीख सांगून, देणं मान्य करून एक कंपनी बाजारातून उठली. तोट्यात असलेल्या धंद्यालाही एवढं जमतं.

गलाईवाल्याच्या भट्टीपुढे गिऱ्हाईक आईच्या पाटल्या ठेवतं. त्या मुशीत वितळतात, ओळख पुसली जाते आणि हातात येते एक लगड. मधल्या वेळात गिऱ्हाइकाकडे विश्वासाखेरीज काही नसतं. ज्याला गाव सोडून जायचं असेल तो आधी प्रत्येकाचं सोनं परत करतो. न करता गेला तर त्या माणसाचं पुढे काय होतं हे त्या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. फोनमध्ये आज आपण पाटल्यांहून जास्त ठेवतो: बँकेचं खातं, आधार, मुलांचे फोटो. सुरक्षेचे अपडेट थांबले की हे सगळं उघड्यावर पडू शकतं, आणि ते थांबल्याचं ग्राहकाला कुणी सांगतही नाही.

सरकारनं या बाजूला पाऊल टाकलं आहे. ग्राहक व्यवहार विभागानं 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. 2025 च्या मे महिन्यात एका समितीनं दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवालही दिला. सुटे भाग किती लवकर मिळतात, दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे का, अपडेट येतात का, यांवर फोनना गुण द्यावेत असा त्याचा रोख आहे. युरोपीय संघ त्याच्या पुढे गेला आहे. तिथे 20 जून 2025 पासून नव्या मॉडेलांना विक्री थांबल्यावर निदान 5 वर्षं अपडेट आणि महत्त्वाचे सुटे भाग 7 वर्षं द्यावे लागतात.

आपल्याकडे गुण देण्यानं भागणार नाही. खोक्यावर एमआरपीच्या शेजारी दोन तारखा छापणं सक्तीचं व्हायला हवं, सुटे भाग कधीपर्यंत आणि अपडेट कधीपर्यंत. आणि कंपनी खरोखरच बुडाली तर? तेव्हा तिनं फोनचा सर्किट नकाशा आणि सुट्या भागांची मापं खुली करावीत, विकलेल्या फोनमागे एक ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी आधीच बाजूला ठेवलेली असावी, अशी अट फोनविक्रीची परवानगी देतानाच घालता येईल. फोनचे भाव थोडे वाढतील. गफ्फार मार्केटातल्या कारागिराला मात्र बॅटरी स्थानिक बाजारात बनवून घेता येईल, आणि त्याच्या टेबलापुढे उभ्या असलेल्या माणसाचा फोन आणखी दोन वर्षं चालेल.