पाठ टेकताना

हे मनन रात्री वाचावे. जेवणे उरकली आहेत, ओटा पुसून झाला आहे, दाराला कडी लागली आहे, अशा वेळी. वाचायची घाई नको. परिच्छेद संपला की थांबा, तीन-चार श्वास येऊन जाऊ द्या, मग पुढचा घ्या. मध्येच डोळा लागला तर उत्तमच. उरलेले उद्या वाचता येईल.

आधी अंथरुणावर नुसते बसा. पलंग असेल तर पाय खाली सोडा, अंथरूण जमिनीवर असेल तर मांडी घाला. आजचा दिवस आठवा, पण फक्त पाठीच्या बाजूने. किती वेळ खुर्चीत गेला? किती वेळ ओट्याशी, वर्गात किंवा दुकानात उभ्याने गेला? दुचाकीवरून किती खड्डे सोसले? काय उचलले, कुणाला कडेवर घेतले? यात कुणाला दोष द्यायचा नाही, स्वतःलाही नाही. केवळ पाहायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या दर दहांपैकी साधारण नऊ जणांच्या दुखण्याचे एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. एक्स-रे साफ येतो आणि कंबर दुखतच राहते. दुखणे खोटे नसते. ते बहुधा अनेक बारीक गोष्टींतून साचत आलेले असते आणि त्यांतल्या काही गोष्टी अंथरुणात घडतात.

आता आडवे व्हा. उताणे, पाय सरळ, हात शरीरापासून थोडे लांब. शवासन करणाऱ्यांना ही स्थिती ओळखीची आहे. कुठे कुठे टेकला आहात, ते पाहत जा. टाचा टेकल्या आहेत. पोटऱ्या टेकल्या आहेत. मग बैठकीचा भाग, तिथे वजन सर्वांत जास्त. मग खांद्याची पाती, मग डोके. आता न टेकलेल्या जागा शोधा: घोट्याच्या मागे, गुडघ्याच्या मागे, मानेखाली आणि कमरेखाली. पाठीचा कणा ही सरळ काठी नाही. मानेत तो आत वळतो, छातीमागे बाहेर येतो, कमरेत पुन्हा आत जातो. चांगल्या अंथरुणाने ही वळणे आहेत तशी धरायची असतात. सपाट करायची नसतात.

एक हात सावकाश कमरेखाली घाला. तळवा आरपार जाऊन वरून पोकळी राहत असेल, तर अंथरूण तुमच्या अंगाला बहुधा फार कडक आहे. हात शिरतच नसेल आणि बैठक खोल रुतली असेल, तर ते फार मऊ आहे. हात जातो पण कंबर त्याला हलकेच टेकते, असे असेल तर बरे. हा अंदाज आहे, निदान नव्हे. आता गुडघ्यांखाली एक उशी किंवा गोधडीची घडी सरकवा. कमरेतला ताण थोडा सैल झाला का? झाला असेल तर रोज उताणे झोपताना ती घडी तिथे असू द्या.

मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात. मानेपासून माकडहाडाच्या वरपर्यंत एकूण २३. प्रत्येक चकतीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गर आणि भोवती चिवट तंतूंचे कडे. दिवसभर अंगाचा भार पडला की गरातले पाणी थोडेथोडे बाहेर दाबले जाते. रात्री भार उतरतो आणि पाणी परत शिरते. रात्री भिजत घातलेले हरभरे सकाळी टपोरे दिसतात, तसेच काहीसे. म्हणून सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने जास्त भरते. प्रौढ माणसाच्या चकतीच्या आत रक्तवाहिन्या पोचत नाहीत. तिचे पोषण शेजारच्या मणक्यातून झिरपत येते आणि भार येण्या-उतरण्याच्या या रोजच्या फेऱ्यात तिचे पाणी बदलते.

जर्मनीतल्या उल्म विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली ४५ वर्षांच्या एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाब मोजणारी बारीक सुई बसवून नोंदी घेतल्या. सैल उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल, उताणे पडल्यावर ०.१. आडवे होताच भार पाचपटीने उतरला. पुढे सात तासांच्या झोपेत तोच दाब ०.१ वरून ०.२४ वर गेला, कारण चकती पाणी पीत होती. या क्षणी तुमच्याही कमरेत हेच सुरू झाले आहे. त्यासाठी तुम्हाला काही करायचे नाही, फक्त आडवे राहायचे आहे. दोन-तीन श्वास याच जाणिवेत जाऊ द्या.

पण पडून राहणे रात्रीपुरतेच. कंबर धरली की आठ दिवस अंथरूण सोडायचे नाही, हा सल्ला अजून घरोघरी मिळतो. हेलसिंकीत १९९५ साली झालेल्या अभ्यासात अचानक कंबर धरलेल्या लोकांपैकी काहींना दोन दिवस पडून राहायला सांगितले, काहींना व्यायाम दिले आणि काहींना झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. लवकर बरे झाले ते तिसऱ्या गटातले.

आता गादीकडे लक्ष न्या. तुमच्या पाठीखाली या क्षणी काय आहे? कापूस, काथ्या, फोम, स्प्रिंग, की सतरंजीवर दुहेरी गोधडी? पाठ दुखते म्हटल्यावर आजीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकच सांगतात: गादी सोड, जमिनीवर झोप. एके काळी डॉक्टरही फळीवर झोपायला सांगत. हा समज तपासला गेला तो स्पेनमध्ये. तिथले संशोधक कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांना ९० दिवसांसाठी नव्या गाद्या दिल्या. काहींना कडक, काहींना मध्यम कडक. कुणाला कोणती मिळाली, हे त्यांना सांगितले नव्हते. कडकपणाचे माप १ ते १०, त्यात १ म्हणजे सर्वांत कडक. एक गादी २.३ ची, दुसरी ५.६ ची. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: अंथरुणात पडल्यावरचे दुखणे, उठतानाचे दुखणे आणि दिवसा कामात येणारी अडचण, तिन्ही बाबतींत मध्यम गादीवाले सरस ठरले.

हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. त्यातून एवढेच घ्या, की पाठीला शिक्षा दिल्याने ती सुधारत नाही. जमिनीवर झोपून ज्यांना बरे वाटते त्यांनी खुशाल झोपावे. मात्र सकाळी खांदा आणि कमरेचे हाड ठणकत असेल, तर आपण सहनशक्तीची परीक्षा देतो आहोत का, हे स्वतःला विचारावे.

शिवाय मध्यम कशाला म्हणायचे, हे ज्याच्या त्याच्या अंगावर ठरते. ५० किलोच्या माणसाला जी गादी कडक लागते, तीच ९० किलोच्या माणसाखाली खोलगट होते. नवराबायकोच्या वजनात मोठे अंतर असेल, तर हलके माणूस रात्रभर उताराला लागते आणि सावरण्यासाठी झोपेतही अंग आखडून धरते. गादीच्या आवरणावर ‘ऑर्थोपेडिक’ छापले असले, तरी छापणारा विक्रेता असतो, तुमचा डॉक्टर नव्हे. किमतीच्या बाबतीत तर अंथरूण पाहूनच पाय पसरलेले बरे.

उद्या उजेडी एक काम करा. चादर काढा आणि गादीवर झाडूचा सरळ दांडा आडवा ठेवा. दांड्याखाली, कमरेच्या जागी, खड्डा दिसतो का? बोटाच्या पेरांनी तो मोजा. कापसाच्या गादीत हात फिरवला की गोळे लागतात; मध्ये कापूस विरळ आणि कडेला दाटलेला. अशा गादीला उन्हात टाकून, पिंजून, नव्याने भरून घेता येते. पूर्वी पिंजारी दारावर यायचे, धनुकलीचा आवाज गल्लीभर घुमायचा. आता बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रावर होते, पण होते. फोमला असा दुसरा जन्म नाही. त्याची उशाची बाजू पायथ्याला करून झीज वाटून देता येते, इतकेच. खड्डा कायमचा झाला की ती गादी पाठीच्या कामाची उरली नाही असे समजावे. बाजेचा सुंभ सैल पडला असेल, तर दोरी ओढून ताणून घ्यावी.

पुन्हा अंथरुणाकडे या. आता कुशीवर वळायचे आहे. आधी गुडघे वाकवा, मग खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवा. वरचा गुडघा पुढे घसरून गादीला टेकला का? मग कंबर पिळली जाते. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवली की ती पिळणूक थांबते. डोक्याखालची उशी कानापासून खांद्याच्या टोकापर्यंतचे अंतर भरून काढेल एवढी हवी. त्याहून उंच झाली तर मान वर वाकते, पातळ झाली तर खाली. पालथे झोपण्याची सवय असेल, तर मान तासन्‌तास एका बाजूला वळलेली राहते. ती सवय एका रात्रीत मोडत नाही. तोवर पोटाखाली एक पातळ उशी घ्या आणि डोक्याखालची काढून टाका.

ही सगळी मांडणी तुम्ही जागे असेपर्यंतच टिकणार आहे. झोप लागली की शरीर आपल्या मर्जीने वळते, रात्रीतून अनेकदा. वळू द्या. तासन्‌तास एकाच जागी दाबून राहण्यापासून ते स्वतःला वाचवत असते. ‘सर्वांत चांगली स्थिती कोणती’ या प्रश्नापेक्षा ‘मला सहज वळता येते का’ हा प्रश्न मोलाचा आहे. आत्ताच करून पाहा. कूस बदलताना हाताने जोर लावून खड्ड्यातून वर यावे लागत असेल, तर ते दुकानातल्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगून जाते.

आता दुखण्याकडेच पाहा. ते नेमके कुठे आहे? किती मोठे, नाण्याएवढे की तळव्याएवढे? श्वास आत घेताना वाढते का, सोडताना उतरते का? त्याला कडा आहे की ते पसरत विरत जाते? घालवण्याची खटपट न करता थोडा वेळ फक्त बघा. मग विचारा: यातले दुखणे किती आणि ‘उद्या ऑफिसला कसे जाणार, हे असेच राहिले तर’ ही धास्ती किती? कमी झोपलेल्या माणसाला तेच दुखणे जास्त तीव्र लागते, हे निरोगी माणसांची झोप मोडून केलेल्या प्रयोगांतही दिसले आहे. दुखते म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून जास्त दुखते. हा फेरा तोडायचा तर गादीच्या टोकापेक्षा झोपेचे टोक हाताशी असते. उठण्याची वेळ रोज तीच ठेवणे, रात्रीचा चहा बंद करणे, लोडाला अर्धवट रेलून, मान मोडून मोबाइल बघणे सोडणे: याला पैसा लागत नाही, जिवावर मात्र येते.

झोपण्याआधी सकाळ मनात आखून ठेवा. पाणी पिऊन भरलेल्या चकत्या सकाळी ताठ असतात. कमरेतून वाकले की त्यांच्यावरचा ताण पहाटे सुमारे ३०० टक्क्यांनी जास्त असतो, असा हिशेब ब्रिटिश संशोधकांनी १९८७ साली मांडला होता. पुढे १९९८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, उठल्यावर सुरुवातीच्या काळात वाकणे टाळायला शिकवलेल्या लोकांची जुनाट कंबरदुखी कमी झाली. तेव्हा कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताचा रेटा देऊन उठा. कुशीवर वळून उठावे, हे आपल्याकडे वडीलधारे सांगतच आले आहेत. पण पुढे काय होते, तेही पाहा. आपल्या दोन खोल्यांच्या घरात दिवसाचे पहिले काम म्हणजे खाली घातलेली अंथरुणे काढणे. कमरेत वाकून गादीची गुंडाळी करायची, ती उचलून कपाटावर ढकलायची, लगेच केर काढायचा, पाण्याची बादली उचलायची. पाठीला जी वेळ सर्वांत नाजूक, त्याच वेळी घरातले सर्वांत वाकवे काम, आणि ते बहुतेक घरांत एकाच बाईच्या वाट्याला.

काही दुखणी मननाने किंवा गादीने हाताळायची नसतात. पायात ताकद कमी होणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, विनाकारण घटणारे वजन किंवा पडल्या-आपटल्यानंतरचे दुखणे असेल, तर डॉक्टरांना दाखवायला वेळ लावू नका. तरुण वयात पहाटे दुखण्याने जाग येत असेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि हालचालीने उतरत असेल, तर तो सांध्यांचा दाह असू शकतो. तोही तपासून घ्या.

बाकीच्यांनी नवी गादी घेण्याआधी दोन आठवडे एवढे करून पाहावे: झोपा-उठायची वेळ ठरलेली, गुडघ्यांत किंवा गुडघ्यांखाली उशी, उठल्यावर पहिला तासभर वाकणे नाही. गावाला किंवा पाहुण्यांकडे झोपल्यावर पाठ हलकी वाटते आणि घरी परतल्यावर पुन्हा धरते, असे होत असेल तर मग गादीवर संशय घ्या आणि मध्यम कडक निवडा. आणि घरात ज्या कुणाची पाठ दुखते, तिच्याकडून किंवा त्याच्याकडून सकाळची अंथरुणे काढून घेऊ नका. ते काम उद्यापासून दुसऱ्या कुणीतरी करावे.