विकलेली घोडी परत आणावी काय?



धम्माची चर्चा आपण विहारात करतो. परंतु धम्माची खरी परीक्षा घराच्या दारात होते. असाच एक प्रश्न या वर्षी माझ्या दारात येऊन उभा राहिला. तो एका घोडीविषयी होता, म्हणून तुम्ही कदाचित हसाल. परंतु आपण विकलेल्या, सोडलेल्या, मागे टाकलेल्या गोष्टींशी आपले नाते काय, हा प्रश्न तुमच्याही घरात आज ना उद्या येणार आहे. म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो.

माझे वडील तालुक्याच्या गावी तांगा चालवीत. मैना नावाची तांबडी घोडी हाच आमचा जमीनजुमला होता. पहाटे वडील तिला खरारा करीत आणि तोबऱ्यात चंदी घालीत; आम्हा मुलांची भाकर त्यानंतर. पुढे रिक्षा वाढल्या, तांग्यात कोणी बसेना. त्याच वर्षी मी पदवीसाठी शहरात गेलो. फी भरायची होती. वडिलांनी मैनेला माळेगावच्या यात्रेत नेले. तिच्या कपाळावरचा भोवरा अशुभ आहे, असे सांगून गिऱ्हाइकांनी भाव पाडला. जन्माच्या खुणेवरून जनावराची किंमत ठरविणारे हे लोक जन्मावरूनच माणसाची किंमत ठरवीत आले आहेत, यात नवल कसले? वरातीला घोडी देणाऱ्या एका माणसाने तिला नेले. माझी फी भरली गेली. वडील त्या रात्री जेवले नाहीत.

या गोष्टीला सतरा वर्षे झाली. वडील आता नाहीत. यंदा त्या माणसाचा निरोप आला, ‘घोडी म्हातारी झाली, वरातीत चालत नाही. बारा हजार द्या आणि घेऊन जा. नाहीतर बाजारच्या दिवशी व्यापारी येणार आहे.’ व्यापारी तिला कुठे नेणार, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

माय लगेच म्हणाली, “पोरा, तुझी फी हिनं भरली. आता हिला कुणाच्याबी हाती मरू द्यायचं का?” माझी पत्नी म्हणाली, “दोन लेकरांच्या शिक्षणाचं काय? रोजचा सहा-सात किलो चारा कुठून आणायचा?” शेजारचे एक वडीलधारे म्हणाले, “मास्तर, बाबासाहेबांनी आपल्याला शेणामुतातून बाहेर काढलं. तुम्ही पुन्हा दारात घोडं बांधता?” आणि एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “अवश्य आणा, सर! २०१८ साली भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा बाळगतो, घोड्यावर बसतो म्हणूनच मारला, अशी फिर्याद त्याच्या वडिलांनी दिली. आपल्या दारात घोडी दिसलीच पाहिजे.”

वाचकहो, या चौघांत कोण बरोबर? मला चौघांच्याही बोलण्यात सत्य दिसले. म्हणूनच निर्णय अवघड झाला.

प्रथम वडीलधाऱ्यांचे म्हणणे पाहू. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडायला सांगितले, कारण ते काम जन्मामुळे आपल्यावर लादलेले होते आणि त्यात आपली मानहानी होती. जनावराची सेवा करणे हे हलके काम आहे, असे त्यांनी सांगितलेले नाही. उलट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. गुलामी सोडायची, करुणा सोडायची नाही.

तरुण कार्यकर्त्याचा संताप मला पटतो. घोड्यावर बसण्याचा हक्क हा माणूसपणाचा हक्क आहे आणि त्यासाठी लढले पाहिजे. परंतु ज्या घोडीला धड चालवत नाही, तिला आपल्या अभिमानाचे निशाण करणे हा न्याय नव्हे. तिच्या पाठीवर आपली वरात बसवली, तर आपण आणि तो वरातवाला यांत फरक काय उरला?

आता मायचे म्हणणे. येथे धम्माचा विद्यार्थी अडखळतो. तथागतांनी तृष्णेला दुःखाचे मूळ म्हटले. मग ‘आपली मैना परत पाहिजे’ ही तृष्णाच नव्हे काय? याचे उत्तर मी कितीतरी दिवस शोधत होतो. शेवटी मी स्वतःला एकच प्रश्न विचारला. समजा, मैना एखाद्या चांगल्या माणसाच्या दारात पोटभर खाऊन सुखात आहे. तरीही ती मला परत हवी आहे का? हवी असेल, तर ती तृष्णा आहे. मला घोडी नको आहे, मला माझे बालपण आणि माझे वडील परत हवे आहेत, आणि ते बारा हजारांत मिळत नाहीत. परंतु ती सुखात आहे हे कळल्यावर माझे मन शांत होत असेल, तर ती करुणा आहे. तृष्णा म्हणते, ‘मला काय हवे?’ करुणा विचारते, ‘तिला काय हवे?’

सिद्धार्थाने गृहत्याग केला तेव्हा कंथक घोडा त्याच्याबरोबर होता. त्याने कंथकाला रानात सोडले नाही, बाजारातही उभे केले नाही. छन्नाच्या हाती देऊन घरी परत पाठविले. अश्वघोषाच्या बुद्धचरितात तर सिद्धार्थ रडणाऱ्या कंथकाला हाताने कुरवाळून धीर देतो. त्याग म्हणजे टाकून देणे नव्हे, एवढे यावरून कळते. सोडायचे तेही विश्वासाच्या हाती.

म्हणून मी आणि माय आधी मैनेला पाहायला गेलो. तुम्हीही कोणताही निर्णय घेण्यापूर्वी डोळ्यांनी पाहा. तिचा पुढचा खूर फुटला होता. पाठीवर खोगिराची जखम होती, तिच्यावर माशा बसत होत्या. मायने हाक मारली तेव्हा तिने कान टवकारले. ओळख पटली की नुसता आवाज ऐकला, ते मी सांगू शकत नाही. परंतु माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले.

सिगालोवाद सुत्तात तथागत गृहस्थाला सांगतात की सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी. हा नियम माणसांसाठी आहे, हे मला माहीत आहे. परंतु जिच्या टापांवर माझी पदवी उभी आहे, तिला मी त्याबाहेर कसे ठेवू? प्राण्यांचा व्यापार तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितला आहे. वडील व्यापारी नव्हते. गरजेने त्यांनी विकले. त्यांना मी दोष देत नाही. पण त्या विक्रीचा लाभ मला मिळाला, म्हणून तिचे ऋणही माझेच आहे.

राहिला पत्नीचा प्रश्न, आणि तोच सर्वांत खरा होता. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगाला, दोन उद्योगाला आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. मुलांच्या फीला हात लावायचा नाही आणि चौथ्या भागालाही नाही, असे आम्ही दोघांनी बसून ठरविले. घरापुढे ओटा बांधायचे पैसे बाजूला होते. तो ओटा यंदा झाला नाही. चाऱ्याचा महिन्याचा खर्च आमच्या उपभोगाच्या भागातून निघतो.

येथे एक सावधगिरीची सूचना देतो. ज्याच्या घरी लेकरे अर्धपोटी आहेत, त्याने असे करू नये. त्याने चांगला सांभाळ करणारा माणूस किंवा पांजरपोळ शोधावा. तेही करुणेचेच काम आहे. कुवत नसताना जनावर आणणे म्हणजे एका दुःखात दुसरे दुःख बांधणे. मध्यम मार्ग दोन्हीकडे लागू आहे.

मैना आता आमच्या दारात आहे. दात झिजले आहेत, म्हणून चंदी भिजवून द्यावी लागते. मायने विचारले, “दसऱ्याला हिला ओवाळायचं का? तुझे आजोबा ओवाळायचे.” मी म्हणालो, “नको माय. तिला आंघोळ घाल, जखमेला औषध लाव, पोटभर खाऊ दे. एवढं पुरे.” माय थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने बादली उचलली.

वाचकहो, तुमच्या दारात घोडी नसेल. परंतु तुमच्या शिक्षणासाठी, तुमच्या नोकरीसाठी कोणीतरी झिजले आहे. गावी राहिलेली आत्या असेल, शाळा सोडून कामाला लागलेला भाऊ असेल. त्यांच्याकडे एकदा जाऊन पाहा. त्यांना काय हवे आहे, ते विचारा. मग निर्णय घ्या.

जयभीम.